मानवणे

फळ्यावर मी डोंगर काढला होता, तीन खडू झिजवून.
वर निळा पट्टा : जव, लसूण, एन्सेट.
मधे हिरवा : मका, कॉफी.
खाली पिवळा, जिथे तळं सुरू होतं : कापूस, आंबा, केळी.
मुलांनी घोकलं. परीक्षेत वर्गभर पैकीच्या पैकी.

दुसऱ्या दिवशी अंजुलो
शाळेच्या कुंपणाशी केळीचा मुनवा लावताना सापडला.

अरे, कालच तर लिहिलंस,
केळीला ऊब लागते म्हणून!
गुडघ्याची माती झटकत म्हणाला,
ते फळ्यावरच्या डोंगराचं लिहिलं होतं, बाई.
ह्या डोंगराला कुठे कुणी विचारलंय?

म्हणून शनिवारी बाजाराच्या ट्रकमध्ये
कांद्यांच्या पोत्यांवर बसून आम्ही उतरलो,
चेंचाच्या धुक्यातून खाली,
विणकरांची तेवीस पोरं आणि मी,
प्रत्येकाच्या शालीच्या टोकाला मूठभर जव बांधलेले.

एकोणतिसाव्या वळणावर वर्केने स्वेटर काढला.
तिथे पहिला मका दिसला.
मग भराभर स्वेटर निघाले, टोप्या निघाल्या,
कुणीतरी ओरडलं : कॉफी!
आणि पायातले मोजे काढून खिशात कोंबेपर्यंत
रस्त्याच्या दोन्ही अंगांना आंबे.
मी काहीच शिकवत नव्हते.
नुसते स्वेटर मोजत होते.

खाली केळीच्या बागेत सगळे गप्प झाले.
आमच्या घरामागच्या एन्सेटसारखीच ही झाडं,
तेच रुंद पान, तोच दांडा,
फक्त ह्यांना घड.
झेरगेश म्हणाली, आमचीला का नाही लागत, बाई?
मी म्हटलं, तुमची पोटात ठेवते.
तिचा बुंधा खरवडून, पुरून, आंबवून
तुम्ही भाकरी करता, ते काय आहे मग?
ती बराच वेळ दोन्ही झाडं
डोळ्यांसमोर शेजारी ठेवून बघत राहिली.

अंजुलोचे वडील तिथेच घड उचलतात.
खांद्यावर चिकाचे काळे डाग, डोळे पिवळट.
दर पावसाळ्यानंतर तापाने फणफणून वर येतात,
आईच्या हातचं जवाचं पाणी पितात, बरे होतात,
पुन्हा खाली.
हवा नाही मानवत, ते हसत म्हणाले,
पगार मानवतो.
पोराने शालीची गाठ सोडून
सगळे जव त्यांच्या खोलीच्या दाराशी पेरले.

येताना स्वेटर उलट्या क्रमाने चढले.
वर्केचा सापडेना.
आईने काय केलं असेल, ते नंतर चार दिवस
तिच्या कानांवर दिसत होतं.

तीन महिन्यांनी ट्रकवाल्याने पुडी आणून दिली.
आत जवाचं कणीस, लांब, सोनेरी, देखणं.
चिमटीत दाबलं तर पोकळ.
सोबत निरोप, ट्रकवाल्याच्याच तोंडून :
इथं उगवतं भराभर,
दाणा भरत नाही.

अंजुलोने ते माझ्या टेबलावर ठेवलं,
बाजूला कुंपणाच्या केळीचं एक पान,
कडा थंडीने काळ्या पडलेल्या.
काही बोलला नाही.
मीही नाही. हजेरी घेतली.

फळ्यावरचा डोंगर मी पुसलाय.
आता तिथे पोरांनी काढलेला आहे, वाकडातिकडा,
पट्ट्यांच्या जागी स्वेटर, टोपी, मोजे,
आणि तळ्याजवळ एक माणूस,
ज्याला कुठल्या रंगाने भरायचं
ते अजून ठरलेलं नाही.

कुंपणाशी केळ आहेच.
मेली नाही. वाढतही नाही.
रात्री गार वारा सुटला की
कुणाची तरी जुनी शाल तिच्याभोवती असते.
सकाळी मी ती घडी करून
दारामागे ठेवते.